खांदेमळणी झालेली फटफटी

जुनी म्हणवून घ्यायला मला लाज वाटत नाही, मित्रांनो. मी एक जुनी फटफटी आहे. माझ्या बाजूला होडीच्या आकाराची एक छोटी गाडी जोडलेली आहे, तिच्यात एक माणूस पाय लांब करून बसतो. तुम्ही आता मला मोटारसायकल म्हणता. आमच्या मराठवाड्यात तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मला सगळे फटफटीच म्हणत, कारण मी वेशीत शिरण्याच्या आधी माझा आवाज शिरायचा.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. जहाजातून मी मुंबईला आले, मालगाडीतून हैदराबादला. तिथं सरकारच्या सडक खात्यातल्या एका साहेबांनी मला विकत घेतलं आणि नांदेड-लातूर भागातल्या सडका पाहायला ते माझ्यावर बसून फिरू लागले. साहेब धर्मानं मुसलमान, बोलणं उर्दूत. पण संध्याकाळी एखाद्या गावात कीर्तन आहे असं कळलं की ते मला देवळाबाहेर लावत, जोडे काढत आणि मागच्या रांगेत मांडी घालून बसत. शब्द सगळे कळत नसतील, पण गाण्याला कुठं डोळे मिटावेत हे त्यांना बरोबर कळायचं.

त्यांचे आवडते कीर्तनकार म्हणजे लोह्याचे रेणुकादासबुवा. काय तो आवाज होता, मित्रांनो! बुवा अभंगाचं पहिलं चरण उचलायचे तेव्हा देवळातली तान्ही मुलंही रडायची थांबत. कीर्तन संपलं की कीर्तनकाराला बिदागी देतात. कुणी धोतरजोडी देतं, कुणी उपरणं आणि नारळ. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी बुवांच्या हातात माझी किल्ली ठेवली.

"बुवासाहब, आप पैदल कब तक चलेंगे?" ते म्हणाले. "यह आवाज़ दूर तक जानी चाहिए."

बुवांनी किल्ली कपाळाला लावली, एवढंच. एरवी चार तास बोलणारा माणूस!

असं माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. लोहा, अहमदपूर, उदगीर, देवणी, निलंगा, जिथं सप्ताह तिथं मी. बुवा डोक्यावरची पगडी उपरण्यानं हनुवटीखाली बांधायचे आणि माझ्यावर बसायचे. बाजूच्या गाडीत त्यांचे पेटीवाले गुरुबसप्पा मांडीवर बाजाची पेटी घेऊन बसायचे. गुरुबसप्पा उदगीरकडचे, घरात कन्नड बोलणारे, अंगानं भारी आणि जिवानं भित्रे. खड्डा आला की त्यांचा धावा सुरू व्हायचा.

"शिवशिवा! बुवा, हळू हो, पेटीतले सूर सांडून राहिले!"

"सांडू द्या," बुवा म्हणायचे. "मागच्या गावची मंडळी वेचून घेतील."

बुवांची माझ्यावर फार माया. माझ्या अंगावर दोन टाक्या, एक पेट्रोलची, एक इंजिनाच्या तेलाची. मुक्कामाला पोचलं की आधी तेलाच्या टाकीचं झाकण उघडून ते तेल बघत, मगच स्वतः पाणी पीत. इंजिनाचं तेल काळं पडलं की काढून नवं भरत. गिअरच्या पेटीतलं तेल वेगळं असतं, तेही वेळेवर बदलत. "आपला गळा आपण जपतो, तसा हिचाही जपायला पाहिजे," असं ते गुरुबसप्पांना सांगत. त्या काळात मी कधी वाटेत थांबले नाही. हे मी माझं कौतुक म्हणून सांगत नाही, त्यांचं म्हणून सांगते.

मग मोठी लढाई सुरू झाली. ती कुठं दूर चालली होती, पण पेट्रोल इथलं संपलं. बुवांनी मला घराला लागून असलेल्या गोठ्यात नेलं. प्लग काढून त्या भोकातून थोडं तेल आत सोडलं, किक हळू फिरवून ते सगळीकडं लागू दिलं, तेलाची टाकी भरली. पेट्रोल मात्र टाकीत तसंच ठेवलं. सोन्यासारखी वस्तू, ओतून कोण देईल? लढाई संपली की लगेच लागेल, असं त्यांना वाटलं. माझ्यावर घोंगडी टाकली, बाजूच्या गाडीवरून हात फिरवला आणि बुवा बैलगाडीनं कीर्तनाला निघून गेले.

माझ्या शेजारी पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची देवणी बैलांची जोडी बांधलेली असे. चांगले शेजारी. बोलायचे कमी, रवंथ करायचे जास्त.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे दुखलेले असतात, म्हणून त्या दिवशी त्यांच्या खांद्याला हळद-तेल लावून चोळतात. बुवांच्या पत्नी कावेरीबाई तेलाची वाटी घेऊन गोठ्यात आल्या. दोन्ही बैलांचे खांदे त्यांनी चोळले आणि वाटीत तेल उरलं तशा माझ्याकडं वळल्या. माझ्या हँडलला, जिथं बुवांचे हात असत तिथं, त्यांनी हळद-तेल लावलं.

बुवांना नाना म्हणणारी त्यांची मुलगी सौदामिनी दारात उभी होती. ती हसली.

"आई, ती काय बैल आहे?"

"बैल नाही तर कोण गं? तुझ्या नानांना एवढी वर्षं गावोगाव कुणी ओढलं? हिचे खांदे नसतील का दुखले?"

कावेरीबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. बुवांनी मला ठेवताना कुठं कुठं तेल घातलं होतं हे त्यांनी बघून ठेवलं होतं. बुवांचा पाना घेऊन त्यांनी प्लग काढला, चमचाभर तेल आत सोडलं आणि तेलाची टाकी काठोकाठ भरली. तेल घरचं होतं. आपल्या शेतातली करडी, तेल्याच्या घाण्यावर काढलेलं पहिल्या धारेचं तेल. घरात देवापुढच्या दिव्याला आणि सणाच्या तळणाला जे वापरायचं, तेच त्यांनी मला दिलं. लढाई चालू होती तोवर दर पोळ्याला त्या येत राहिल्या. मला बरं वाटायचं, मित्रांनो. कुणीतरी आठवण ठेवतं, याहून अडगळीतल्या वस्तूला काय हवं असतं?

त्याच गोठ्यात सौदामिनी कीर्तन शिकली. घरात येणारे-जाणारे म्हणायचे, "पोरीच्या जातीला कशाला हे?" म्हणून ती पहाटे गोठ्यात यायची. माझ्या सीटवर बसायची, पेट्रोलच्या टाकीवर बोटांनी ठेका धरायची आणि नानांनी शिकवलेलं म्हणायची. नांदी, नमन, निरूपणाचा अभंग, मग आख्यान. बैल कान हलवायचे. चुकली की स्वतःच जीभ चावून पुन्हा पहिल्यापासून. मी देवळाबाहेर उभं राहून पुष्कळ कीर्तनं ऐकली होती, म्हणून सांगते, तो आवाज बापाचा होता, पण जिथं बाप गरजायचा तिथं ही जवळ येऊन कानात सांगितल्यासारखं सांगायची. अंगावर पत्रा असूनही मला काटा यायचा.

लढाई संपायच्या सुमाराला बुवांची बैलगाडी उतारावर उलटली. गुडघा मोडला. हाड जुळलं, पण पाय लाकडासारखा ताठ राहिला, वाकेना. तासन्‌तास उभं राहून कीर्तन करणं संपलं.

आणि अशा वेळी, होळी झाल्यावर, औशाच्या राममंदिराचा कारभार पाहणारे वहिवाटदार मार्तंडराव रामनवमीचं आमंत्रण घेऊन आले. ओसरीवर बोलणं चाललं होतं. गोठा शेजारीच, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

"माझा पाय असा," बुवा म्हणाले. "माझ्या जागी सौदामिनी उभी राहील. तयार आहे ती."

मार्तंडरावांनी हात जोडले. "बुवा, रागावू नका. आमच्या गावात कीर्तनाच्या गादीवर बाई कधी उभी राहिली नाही. मंडळी उठून जातील."

"ऐकून तर घ्या आधी."

"मला कशाला सांगता? मी ऐकीन. गावाचं काय करू?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक होऊ शकेल. तुम्ही स्वतः समोर बसा. पूर्वरंग झाला की तुमच्या हातानं तिला बुक्का लागू द्या, हार पडू द्या. तुमचा हार पडल्यावर औशात कोण बोलतंय बघतो. पण तुम्ही आला नाहीत, तर मला दुसरे कुणी हरिदास कीर्तनाला उभे करावे लागतील. आणि एकदा फिरवलेलं आमंत्रण पोरीला पुन्हा कुणी देणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

मित्रांनो, तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. कीर्तनाचे दोन भाग असतात. आधी अभंगाचा अर्थ सांगतात तो पूर्वरंग, नंतर कथा सांगतात ते आख्यान. दोन्हींच्या मध्ये थोर माणूस कीर्तनकाराला बुक्का लावतो, हार घालतो. म्हणजे 'तुझं बोलणं पटलं, आता कथा सांग' अशी परवानगीच ती. ती बापाच्या, गुरूच्या हातून मिळाली तर सौदामिनी कीर्तनकार होणार होती. नाही तर तिचं कीर्तन गोठ्यातच राहणार होतं.

पण बुवांना औशाला न्यायचं कसं? बैलगाडीचे हिसके त्या पायाला सोसत नव्हते. मोटारलारीच्या बाकड्यात ताठ पाय मावत नव्हता. सगळी मंडळी विचार करत बसली होती, आणि सौदामिनी उठून गोठ्यात आली. तिनं माझ्यावरची घोंगडी ओढली.

"नाना हिच्या गाडीत पाय लांब सोडून बसतील," ती म्हणाली.

गुरुबसप्पा लगेच बाह्या सारून पुढं आले. पेट्रोल आता परवान्यावर थोडं थोडं मिळू लागलं होतं आणि माझ्या टाकीत तर ते आधीपासून होतंच. त्यांनी सगळा भार टाकून किकवर पाय मारला. किक हलली नाही. पुन्हा मारला. ते स्वतःच शेणात बसले.

"अय्यो! ही तर मारकुटी झाली की!"

कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यातलं तेलाचं इंजिन सांभाळणारे अर्जुनराव मिस्तरी आले. हे गृहस्थ कीर्तनाला यायचे ते केवळ थंडगार फरशीवर झोप लागते म्हणून, आणि तसं उघड सांगायचे. त्यांनी मला वरून खालून पाहिलं, किक दाबून बघितली आणि निकाल दिला.

"गंजलं. आत पार धरलंय. हे न्हाई आता हलत. याचं सामान विलायतेहून यावं लागंल, म्हंजी आपल्या नातवाच्या लग्नाला."

सौदामिनीच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. पण ती खाली बसली आणि तिनं तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. बोट घातलं. बोट बुडालंच नाही. वरती मधासारखी पिवळी, घट्ट साय धरली होती.

"मिस्तरीकाका, हा गंज नाही. हे बघा."

अर्जुनरावांनी काडीनं उकरलं. "आरं? गूळ कामून भरलाय हिच्यात?"

मागं उभ्या असलेल्या कावेरीबाई हळूच म्हणाल्या, "ते करडीचं तेल आहे. पोळ्याचं. मी घातलं."

करडीचं तेल हवेनं वाळतं, मित्रांनो. पातळ लागलं तर रोगणासारखं चिकट होतं, जास्त असलं तर राळेसारखं घट्ट. इंजिनाचं तेल जमिनीतून निघालेलं असतं, ते असं वाळत नाही. हे त्या माउलीला कुठून ठाऊक असणार? ती आत निघून गेली आणि त्या दिवशी जेवली नाही.

बुवा काठी टेकत तिच्यामागं स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "कावेरी, मी ठेवलेलं पेट्रोल बाहेर काढलंय, वास घेऊन जा जरा. आंबलंय, पिवळं पडलंय. मला शिकलेल्याला कळलं नाही, तू कशाला उपाशी बसतेस? ऊठ. पोरीला माणसं लागणार आहेत."

मग सुरू झालं माझं खरं औषधपाणी. अर्जुनराव एकदा कामाला लागले की त्यांची झोप उडायची. "आधी समदं जुनं भायेर," ते म्हणाले. "नवं कितीबी चांगलं असू द्या, जुन्यात मिसळलं की जुनंच होतं." आंबलेलं पेट्रोल त्यांनी गावाबाहेर नेऊन ओतलं. गिअरच्या पेटीखालचा बोल्ट काढला तर पावसाळ्यांच्या ओलीनं आतलं तेल ताकासारखं पांढरट होऊन आलं. तेही निथळून काढलं. कार्बोरेटरचं बारीक छिद्र पेट्रोलच्या गाळानं बुजलं होतं. ते गुरुबसप्पांनी मागून घेतलं. पेटीच्या सुरांच्या पट्ट्यांतली धूळ काढायला त्यांच्याजवळ घोड्याच्या शेपटीचा एक केस असे, त्यानं त्यांनी ते छिद्र साफ केलं आणि गाल फुगवून फुंकलं. "काळी चार," ते पेटीची पट्टी सांगावी तसे म्हणाले. "सूर लागला."

इंजिनाच्या पोटातली चिकटी सोडवायला घासलेट पाहिजे होतं, आणि घासलेट रेशनवर. घरच्या कंदिलातलं ओतून झालं तरी पुरेना. ही गोष्ट गल्लीत कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या नागाबाई आपल्या चिमणीतलं घासलेट वाटीत घेऊन आल्या.

"आमी अंधारात जेवू एक दिवस. तोंड काय सापडत न्हाई व्हय?"

त्यांच्यामागून आणखी कुणी आलं, आणखी कुणी. कीर्तनाच्या शेवटी आरतीचं ताट फिरतं तसं ते भांडं भरत गेलं. ज्या बायांनी सौदामिनीला नावं ठेवली होती त्यांच्यातल्याही एक-दोघी आल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हरिकथेची ओढ माणसाला कशी मऊ करते, हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं गावात राहून काय पाहिलं?

घासलेट माझ्या पोटात प्लगच्या भोकातून ओतलं आणि मुरू दिलं. चैत्राचं ऊन होतं, त्याचीही मदत झाली. तेलाची टाकी मात्र घासलेटाला दाद देईना. तिच्यातला राळेचा थर तसाच. अर्जुनराव छिन्नी शोधू लागले तशा कावेरीबाई पुढं आल्या.

"पत्रा फाटेल, भाऊ. कढईला धरलेलं करडीचं तेल घासलेटानं निघत नसतं. बाजूला व्हा."

त्यांनी चुलीवर पाण्याचं पातेलं चढवलं, पापडात घालायचा खार मूठभर टाकला आणि कढत पाणी टाकीत ओतलं. थोड्या वेळानं ढवळलं. काढलं. पुन्हा ओतलं. पिवळा फेस येऊ लागला, मग लोळे सुटू लागले. अर्जुनराव बघत राहिले. "वैनी, जिनिंगला येता का कामाला?" त्यांनी विचारलं. कावेरीबाई त्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. नंतर टाकी स्वच्छ पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन उन्हात खडखडीत वाळवली, कारण खार आणि पाणी, दोन्ही लोखंडाचे वैरी.

मग तो क्षण आला. सौदामिनीनं किक हातानं दाबली. जरा हलली. मागं-पुढं, मागं-पुढं, आणि एकदम माझ्या पोटातून उसासा बाहेर पडला. अर्जुनरावांनी इंजिनाचं डोकं उघडलं. आत डोकावून त्यांनी बोट फिरवलं.

"काय झालं, काका?"

"गंजाचा एक ठिपका न्हाई!" ते ओरडले. "आरशावानी हाय आतून! बुवा, येवढे पावसाळे गोठ्याच्या ओलीत काढलेलं इंजन मी असं कधी बगितलं न्हाई." मग त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं. "वैनी, तुमच्या तेलानं हिला जाम केलं हे खरं. पन त्याच तेलानं गंजाला आत पाय ठेवू दिला न्हाई. चिकटलेलं सुटतंय. गंजलेलं सुटलं नसतं."

कावेरीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्या रात्री घरात सगळे पोटभर जेवले.

जिनिंगमधून नवं तेल आलं, नांदेडहून ताजं पेट्रोल आलं. पहिल्या चार किका फुकट गेल्या, पाचवीला मी खोकले, आणि मग, मित्रांनो, मी गरजले! बैलांनी दावी ताणली. हँडल धरायला कोण हा प्रश्नच आला नाही. बुवांचा पाय चालत नव्हता आणि गुरुबसप्पा हात जोडून लांब उभे होते. सौदामिनीनं नऊवारीचा काचा घट्ट केला आणि जिनिंगच्या मैदानात माझ्यावर बसून शिकली. दोनदा कुंपणात गेली, तिसऱ्यांदा वळली.

निघताना अर्जुनरावांनी तेलाचा एक डबा तिच्या हवाली केला. "आत्ता भरलंय ते तेल म्हंजी चूळ भरायचं पानी. पोटात राहिलेली घाण ते गोळा करतंय. लातूरला पोचलीस की ते काढून टाकायचं, मग हे भरायचं. कटाळा केलास तर मी कीर्तनाला येऊन घोरीन."

नवमीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. बुवा बाजूच्या गाडीत पाय लांब सोडून, गुरुबसप्पा मागं, पेटी पाठीला बांधलेली. अहमदपूरच्या सडकेला लोक बैलगाड्या थांबवून बघत होते. "बाई चालवून राहिली रे!" कुणी ओरडलं. "आन् म्हातारा पाळण्यात!" बुवांनी त्याला हात वर करून आशीर्वाद दिला.

लातूरला ओळखीच्या घरी मुक्काम केला. सकाळी औशाची वाट थोडीच उरली होती. रामजन्माचं कीर्तन वेळेवर उभं राहावं लागतं, कारण ठीक दुपारी जन्माचा अभंग यावा लागतो. सौदामिनी माझ्याखाली भांडं सरकवू लागली तसे गुरुबसप्पा कासावीस झाले.

"अव्वा, ऊन वर आलं! औसा काय लंडन हाय का? येताना बदल की तेल!"

तिचा हात थांबला. मला कळलं, तिच्याही मनात तेच होतं. उशीर झाला तर गादी दुसऱ्याची. तिनं नानांकडं पाहिलं. बुवा डोळे मिटून बसले. शिष्याला उत्तर स्वतः सापडू देतात तसे.

तिनं बोल्ट सोडला.

तेल बाहेर आलं ते काळंकुट्ट, आणि त्यात पिवळ्या राळेच्या गुठळ्या. तेल गाळायच्या जाळीवर त्या अशा जमल्या होत्या की आणखी थोड्या गेल्या असत्या तर तेलाची वाटच बंद झाली असती. मी औशाच्या सडकेवर कायमची जाम होऊन बसले असते. गुरुबसप्पांनी गुठळी बोटावर घेऊन पाहिली आणि नवा डबा उघडून तिच्या हातात दिला.

आम्ही औशाला पोचलो तेव्हा मंडप भरला होता. दुसरे एक हरिदास उपरणं सावरून पुढं बसलेच होते आणि मार्तंडराव कधी सडकेकडं, कधी उन्हाकडं बघत होते. माझा आवाज ऐकून माणसं वळली. सौदामिनी उतरली. साबणानं हात धुतले तरी नखांत काळं तेल राहिलंच. पुढच्या रांगेतून कुणी म्हणालं, "हात बघा! ही काय कीर्तन करणार?" मार्तंडरावांनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी त्या हरिदासांच्या कानात काही सांगितलं. ते सज्जन होते, हसून बाजूला सरकले.

मी मंडपाच्या कनातीशी उभी होते. तापलेलं इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं. आत नमन झालं. सौदामिनीनं अभंग घेतला, अर्थ सांगू लागली. सुरुवातीला चुळबुळ होती. मग ती कमी झाली. मग नुसता तिचा आवाज आणि गुरुबसप्पांची पेटी. तरी मागच्या बाजूला काही जण पायात जोडे अडकवून बसले होते, पूर्वरंग संपला की उठायला.

पूर्वरंग संपला. बुवांना दोघांनी धरून उभं केलं. त्यांनी लेकीच्या कपाळी बुक्का लावला, गळ्यात हार घातला. मार्तंडरावांनी मान डोलावली. इथपर्यंत ठरल्याप्रमाणं झालं.

पण बुवा बसले नाहीत. कीर्तनाची जागा म्हणजे नारदाची गादी. तिच्यावर जो उभा आहे, त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं, ही कीर्तनाची रीत. पण कुठला बाप आपल्या लेकीच्या पाया पडला आहे? बुवांनी धरणाऱ्यांना सांगितलं, "मला खाली घ्या." ताठ पाय लांब करून, एका कुशीवर कलत, एवढा मोठा कीर्तनकार भर मंडपात खाली वाकला आणि त्यानं आपलं कपाळ सौदामिनीच्या पावलांवर टेकवलं.

ती दचकून मागं होऊ लागली. "हलू नकोस," बुवा म्हणाले. "तुला नाही. तू उभी आहेस त्या गादीला."

मग आधी मार्तंडराव उठले, मग ते दुसरे हरिदास, मग पुढची रांग, मग मागची. जोडे घालून बसलेले जोडे काढून आले. सगळ्यांचं पाया पडून झालं तेव्हा सौदामिनीनं डोळे पुसले, झांज उचलली आणि आख्यानाला हात घातला. बरोबर माध्यान्हीला रामाचा जन्म झाला आणि गुलाल माझ्या टाकीपर्यंत उडाला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी बंद पडून उभं असेल. एखादं यंत्र, सायकल, मोटारसायकल. बाळगून ठेवायचं असेल तर ठेवतानाच त्याच्या पोटातलं पेट्रोल काढा. उठवायचं असेल तर घाईनं किक मारू नका. आधी जुनं तेल, जुनं पेट्रोल काढा, मग नवं भरा, आणि ते नवंही थोडं चालल्यावर पुन्हा बदला. ज्याला जे तेल लागतं त्याला तेच द्या. जाणत्याला विचारायला लाजू नका. पण ज्यांनी चुकून का होईना, मायेनं वाटीभर तेल आणून दिलं, त्यांना कधी बोल लावू नका. आमच्यासारख्यांना उठवायला हात लागतात, आणि ते मायेच्या माणसांचेच असतात.